दार तसा दाम

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोन कंपन्यांना नोटिसा धाडल्या. एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, एकाच वेळी जाण्यासाठी गाडी मागवणाऱ्या दोघांपैकी ज्याच्या हाती आयफोन आहे त्याला जास्त भाडे आणि ज्याच्या हाती अँड्रॉइडचा फोन आहे त्याला कमी भाडे दाखवले जाते, अशा तक्रारींची तोपर्यंत बरीच चर्चा झाली होती. दोन्ही कंपन्यांनी आरोप साफ नाकारला. तो खरा की खोटा, हे ठरवण्याचे काम प्राधिकरणाचे आहे. तोवर कोणालाही दोषी धरण्याचे कारण नाही. परंतु असा आरोप जनसामान्यांना इतक्या चटकन पटावा, यातच बरेच काही आले. गिऱ्हाइकाचा पोशाख बघून भाव सांगणारा दुकानदार आपल्या बाजारपेठेला नवा नाही. मात्र त्याच्याशी घासाघीस करता येते, त्याच्याकडे पाठ फिरवून शेजारच्या दुकानात जाता येते, आणि शेजारी तोच माल स्वस्त आहे हे रस्त्यावरचा कोणीही माणूस सांगू शकतो. हातातल्या यंत्राशी यातले काहीच करता येत नाही.

गाडीभाड्याच्या बाबतीत जो वादाचा विषय आहे, तो सॉफ्टवेअरच्या आणि संगणकीय सेवांच्या बाबतीत मात्र उघड व्यवहार आहे. तो नाकारण्याच्या भानगडीतही कोणी पडत नाही. मार्च २०१९ मध्ये यूट्यूबची जाहिरातविरहित सशुल्क सेवा भारतात सुरू झाली, तेव्हा तिची मासिक वर्गणी १२९ रुपये होती. आयफोनवरील ॲपमधून घेणाऱ्याला तीच सेवा १६९ रुपयांना पडत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने आपली निळ्या खुणेची सशुल्क सेवा भारतात आणली. संकेतस्थळावरून घेतली तर महिना ६५० रुपये, मोबाइलच्या ॲपमधून घेतली तर ९०० रुपये. संगणकासमोर बसून बटण दाबले की एक भाव, खिशातला फोन काढून दाबले की दुसरा. विशेष म्हणजे वर्गणी कोठूनही भरली तरी सेवा दोन्हीकडे चालते. ६५० रुपये भरणाऱ्याला फोनवर काही कमी मिळत नव्हते आणि ९०० भरणाऱ्याला काही अधिक मिळत नव्हते. वरचे २५० रुपये होते ते केवळ कोणत्या दाराने आत आला, याचे.

या दारांची कथा फार जुनी नाही. संगणकाच्या दुनियेत पहिली दोन-तीन दशके सॉफ्टवेअर तयार करणारा ते ग्राहकाला थेट विकत असे. तबकडी खोक्यात घालून दुकानात ठेवा, टपालाने पाठवा किंवा पुढे इंटरनेट आल्यावर आपल्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा. विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट किंवा मॅक बनवणारी ॲपल त्या विक्रीत हिस्सा मागत नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आपले ॲप स्टोअर उघडले आणि चित्र पालटले. त्या फोनवर सॉफ्टवेअर चढवायचे तर या एकाच दुकानातून, आणि दुकानात विक्री झाली तर शंभरातले तीस कंपनीचे, असा नियम झाला. त्याच वर्षी गूगलनेही अँड्रॉइडसाठी आपला बाजार मांडला आणि पुढे तोही तीस टक्क्यांवर स्थिरावला. तीस हा आकडा कोणत्या हिशेबातून निघाला, याचे समाधानकारक उत्तर आजवर कोठल्याही न्यायालयासमोर मिळालेले नाही. तो सांगितला गेला आणि रूढ झाला. महाराष्ट्रात एके काळी प्रत्येक शहराच्या वेशीवर जकात नाका असे आणि मुंबईतला तो तर वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत टिकला. त्या नाक्यावरचे दर महापालिका ठरवत असे आणि महापालिकेला निदान पाच वर्षांनी मतदारांसमोर उभे राहावे लागत असे. या नव्या नाक्यांना तीही अडचण नाही.

नाक्यावर काय अडवले जाते आणि काय सोडले जाते, हे पाहण्यासारखे आहे. फोनवरून भाजी मागवली, जेवण मागवले, रिक्षा बोलावली, तर ॲपल किंवा गूगल यांना एक पैसाही द्यावा लागत नाही. छापील पुस्तक मागवले तरीही नाही. पण तेच पुस्तक ई-पुस्तक म्हणून ॲपमध्ये विकत घेतले, की दुकानदाराचा हिस्सा सुरू होतो. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर भारतीय भाषांतील ई-पुस्तके आणली, त्या पहिल्या पाच भाषांत मराठी होती. परंतु आयफोनवरील किंडलच्या ॲपमध्ये पुस्तक विकत घेण्याचे बटणच नव्हते, आणि २०२२ मध्ये ते अँड्रॉइडवरील ॲपमधूनही काढण्यात आले. कादंबरीची पहिली काही पाने नमुन्यादाखल वाचून झाली आणि पुढची हवी असली, तर ॲप बंद करून ब्राउझर उघडावा, संकेतस्थळावर जावे, तेथे पैसे भरावे आणि मग परत ॲपमध्ये यावे. असा हा द्राविडी प्राणायाम. ई-पुस्तकावर मुळात जो थोडाथोडका नफा सुटतो, त्यातून तीस टक्के वेगळे काढणे विक्रेत्याला परवडत नव्हते, म्हणून त्याने दुकानच मिटून घेतले. मराठी प्रकाशकाच्या आणि वाचकाच्या दृष्टीने पाहता, जेथे वाचक सर्वाधिक वेळ असतो त्याच यंत्रावर पुस्तकाची विक्री अवघड करून ठेवलेली होती.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ॲप तपासून घेणे, फसव्या ॲपना अटकाव करणे, कोट्यवधी फोनांपर्यंत ती पोहोचवणे, नवी साधने तयार करून विकसकांना देणे, यासाठी खर्च येतो आणि तो कोणीतरी द्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. जानेवारी २०२१ पासून ॲपलने वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्या विकसकांसाठी दर पंधरा टक्क्यांवर आणला. गूगलनेही त्याच वर्षी पहिल्या दहा लाख डॉलरवर पंधरा टक्के केले आणि जानेवारी २०२२ पासून सर्व मासिक-वार्षिक वर्गण्यांसाठी पंधराच टक्के ठेवले. गूगल असेही सांगते की ९७ टक्के विकसकांना काहीच द्यावे लागत नाही. येथे मात्र सामान्य माणसालाही प्रश्न पडावा. तपासणीचा आणि साठवणुकीचा खर्च तर सर्वच ॲपवर येत असणार. मग जेवण पोहोचवणारे ॲप फुकट आणि गोष्टी ऐकवणारे ॲप तीस टक्के देणारे, हा न्याय कोणता? हिस्सा खर्चाच्या प्रमाणात घेतला जात नाही. ज्याचा माल दाराबाहेर नेता येत नाही त्याच्याकडून तो घेतला जातो, एवढाच त्याचा सरळ अर्थ निघतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही असाच तपासून घ्यावा लागतो. ॲपलच्याच मॅक संगणकावर आजही कोणत्याही संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर उतरवून घेता येते आणि त्यावर ॲपलला हिस्सा द्यावा लागत नाही. कंपनी तीच, ग्राहकही बहुधा तोच, त्याची बँकेची माहिती दोन्ही यंत्रांत तेवढीच नाजूक. २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात हा प्रश्न निघाला तेव्हा कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, मॅकवर घातक सॉफ्टवेअरचा जो त्रास आहे तो आपल्याला मान्य होण्यासारखा नाही, असे सांगून बाजू सावरली. स्वतःच्या एका मालाची सुरक्षा वाखाणण्यासाठी दुसऱ्याला नावे ठेवण्याची पाळी यावी, हे मोठे गमतीचे आहे.

आता येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण या विषयावर बोलताना बहुतेकांची गल्लत होते ती याच ठिकाणी. एकाच वस्तूचे दोन ठिकाणी दोन भाव असणे, एवढ्यानेच अन्याय सिद्ध होत नाही. पाण्याच्या बाटलीचे उदाहरण महाराष्ट्रातल्या ग्राहकाला चांगले परिचित आहे. किराणा दुकानात एक छापील किंमत आणि विमानतळावर किंवा मल्टिप्लेक्समध्ये त्याच बाटलीवर दुप्पट-तिप्पट छापील किंमत, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. अखेर वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्यास मनाई झाली. त्याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की उपाहारगृहात बसून पाणी मागवणाऱ्याकडून छापील किमतीपेक्षा अधिक आकार घेता येईल. कारण तेथे ग्राहक केवळ बाटली घेत नाही, खुर्ची, पंखा, वाढपी हे सारे घेतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर तत्त्व हाती लागते. अधिक दामाच्या मोबदल्यात काही अधिक मिळत असेल आणि ते ग्राहकाला दिसत असेल, तर फरक समजण्यासारखा आहे. उपाहारगृहातून उठून रस्त्यापलीकडच्या दुकानात जाण्याला कोणी अडवत नाही आणि तेथे बाटली किती रुपयांना मिळते हे प्रत्येकाला ठाऊक असते.

फोनमधील बाजारात नेमकी हीच माहिती दडवली गेली. ट्विटरच्या ॲपमध्ये ९०० रुपये दिसत असताना शेजारी 'आमच्या संकेतस्थळावर हेच ६५० रुपयांना मिळते' अशी एक ओळ लिहिण्याची मुभा कंपनीला नव्हती. दुकानाच्या नियमांनुसार तसे लिहिणे, तेथे जाण्याचा दुवा देणे, किंबहुना तशी सूचना करणे, हा ॲप काढून टाकण्याजोगा गुन्हा होता. उपाहारगृहाच्या मालकाने वाढप्यांना ताकीद द्यावी की समोरच्या दुकानाचे नाव तोंडातून काढाल तर कामावरून जाल, आणि वर आपण ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी हे करतो असे सांगावे, तशातला हा प्रकार आहे. महाग विकणे हा व्यापाराचा भाग झाला. स्वस्त कोठे मिळते हे दुसऱ्याला सांगू न देणे, हा व्यापार राहत नाही.

ही मुस्कटदाबी किती खोल होती, हे युरोपात उघडकीस आले. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या स्वीडिश कंपनीची मासिक वर्गणी ९.९९ युरो होती. ॲपलचा हिस्सा भरून काढण्यासाठी २०१४ पासून काही काळ तिने आयफोनवर ती १२.९९ युरो ठेवली. जून २०१५ मध्ये ॲपलने स्वतःची संगीत सेवा बाजारात आणली, ती ९.९९ ला, तिला अर्थातच कोणाला हिस्सा द्यायचा नव्हता. म्हणजे नाकेदारानेच पेठेत दुकान थाटले आणि शेजाऱ्याच्या मालावर जकात बसवली. २०१९ मध्ये स्पॉटिफायने तक्रार केली. ४ मार्च २०२४ रोजी युरोपीय आयोगाने ॲपलला एक अब्ज ऐंशी कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. आयोगाने नोंदवलेली एक बाब अशी, की ॲपमधून खाते उघडणाऱ्या ग्राहकाला नंतर ई-मेल पाठवून स्वस्त पर्याय कळवण्यासही या नियमांनी मज्जाव केला होता. दुकानाबाहेर पडलेल्या ग्राहकाच्या घरी पत्र पाठवण्यावरही दुकानदाराचा पहारा! हिस्सा किती असावा, हा आयोगाच्या निर्णयाचा गाभा नव्हता. ग्राहकाला सांगू दिले नाही, हा होता.

अमेरिकेतील लढाई अधिक नाट्यमय झाली. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्स या कंपनीने आपल्या फोर्टनाइट खेळात, खेळातले चलन ॲपलमार्फत घेतल्यास ९.९९ डॉलर आणि थेट आमच्याकडून घेतल्यास ७.९९ डॉलर, असे दोन भाव शेजारी-शेजारी मांडले. त्याच दिवशी ॲपल आणि गूगल या दोघांनी आपापल्या दुकानातून तो खेळ हद्दपार केला. एपिकने आपण होऊन ओढवून घेतलेले हे भांडण होते, यात शंका नाही. दावाही आधीच लिहून तयार होता. सप्टेंबर २०२१ च्या निकालात एपिक बहुतेक मुद्द्यांवर हरली. एका मुद्द्यावर मात्र न्यायाधीश यव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलला फटकारले: बाहेरचा भाव सांगण्यास बंदी घालता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप नाकारला. तेव्हा ॲपलने काय केले? बाहेरचा दुवा देण्यास परवानगी दिली आणि त्या दुव्यावरून झालेल्या खरेदीवर २७ टक्के हिस्सा लावला. पैसे स्वीकारण्याचा खर्च वेगळा धरला तर विक्रेत्याच्या हाती पूर्वीइतकेच किंवा त्याहून कमी उरावे, अशी ही सोय होती. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी कंपनीला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले; कंपनीच्या एका अधिकाऱ्याने शपथेवर खोटे सांगितल्याचेही निकालात नमूद केले. या आदेशातील तपशिलांवरून पुढे वरिष्ठ न्यायालयात वाद चालू राहिला. परंतु आदेशानंतर काही दिवसांतच अमेरिकेतील आयफोनवर किंडलच्या ॲपमध्ये पुस्तक घेण्याचे बटण अवतरले. सुरक्षिततेसाठी जी गोष्ट इतकी वर्षे अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती न्यायालयाच्या एका आदेशासरशी शक्य झाली.

भारतात आयफोन थोड्यांच्या हाती आहे. दहापैकी नऊहून अधिक फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः गूगलचा आहे. गूगलची गंमत अशी की तो एका रस्त्यावर जकात देणारा आहे आणि दुसऱ्या रस्त्यावर जकात घेणारा. आयफोनवर यूट्यूबचे १६९ रुपये झाले ते ॲपलच्या हिश्शापायी. तेथे गूगलने वाढीव भार ग्राहकाच्या माथी टाकला. आणि स्वतःच्या अँड्रॉइडवर? २५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या प्रकरणात गूगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड केला, तेव्हा आयोगाने हेच बोट ठेवले होते. इतर ॲपना गूगलची देयकपद्धती सक्तीची होती आणि तिच्यासोबत हिस्साही. यूट्यूब मात्र त्यातून मोकळे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने गैरवापराचा निष्कर्ष अंशतः कायम ठेवून दंड २१६ कोटी ६९ लाखांवर आणला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपिले सुनावणीसाठी दाखल करून घेतली.

देयकपद्धतीचा हा मुद्दा भारतात जितका उघडा पडतो, तितका इतर देशांत पडत नाही. जानेवारी २०२० पासून आपल्याकडे यूपीआयने पैसे स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याला त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. वडापावच्या गाडीवर चिकटवलेल्या चौकोनातून जे काम विनामूल्य होते, तेच काम फोनमधल्या दुकानात झाले की पंधरा ते तीस टक्के. आयोगाच्या आदेशानंतर गूगलने विकसकांना दुसरी देयकपद्धती ठेवण्याची मुभा दिली. पण तशी ठेवल्यास हिस्सा फक्त चार टक्क्यांनी कमी, म्हणजे पंधराचे अकरा आणि तीसचे सव्वीस. यावरून कंपनीच्याच हिशेबाने पैसे स्वीकारण्याच्या कामाची किंमत चार टक्के ठरते. उरलेला हिस्सा दाराचा.

हे न मानणाऱ्यांचे काय होते, तेही दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना अंतरिम संरक्षण नाकारले, आणि १ मार्चला गूगलने दहा कंपन्यांची ॲप दुकानातून उतरवली. विवाह जुळवणारी भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम, नोकरी शोधून देणारी नोकरी डॉट कॉम, गोष्टी ऐकवणारे कुकू एफएम अशी घराघरांत माहीत असलेली नावे त्यात होती. करारानुसार देय रक्कम त्यांनी दिली नाही, हे गूगलचे म्हणणे कायद्याच्या काटेकोर अर्थाने निराधार नव्हते. परंतु देशातील एखादा व्यवसाय एका परदेशी कंपनीच्या एका निर्णयाने शुक्रवारी दुपारी बाजारातून नाहीसा होऊ शकतो, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच कळले. माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालणार नाही असे जाहीरपणे बजावले, आणि आठवड्याच्या आत ॲप परत आली. मंत्र्यांनी हस्तक्षेप केला हे चांगलेच झाले. मात्र दर खेपेस मंत्र्यांना फोन उचलावा लागणे, ही व्यवस्था म्हणता येत नाही.

तथापि सगळे पाप दुकानदाराच्या पदरात घालून ॲपवाल्यांना सोवळे ठरवणेही बरोबर नाही. ट्विटरचाच हिशेब मांडून पाहावा. कर बाजूला ठेवले तर ९०० रुपयांतून ॲपलचे तीस टक्के, म्हणजे २७० वजा जाता ६३० उरतात; संकेतस्थळावरच्या ६५० शी ते जवळपास जुळतात. पण अँड्रॉइडवर वर्गणीचा हिस्सा पंधरा टक्के, म्हणजे १३५ रुपये. तेथे हाती ७६५ उरतात. तरीही भाव तेथेही ९०० च. तीस टक्क्यांना इंटरनेटवरचा छुपा कर म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर बोल लावणाऱ्या इलॉन मस्क यांच्याच कंपनीने त्या कराच्या नावावर अँड्रॉइडच्या भारतीय ग्राहकाकडून माणशी शंभराहून अधिक रुपये जादा घेतले. जुलै २०२५ मध्ये या सेवेचे दर उतरले: संकेतस्थळावर ४२७, मोबाइलवर ४७०. फरक २५० वरून ४३ वर आला, आणि त्यासाठी हिश्शाचा दर काही त्या दिवशी बदलला नव्हता. तेव्हा ग्राहकापुढे दाखवला जाणारा फरक म्हणजे हिश्शाचे निव्वळ गणित असते, यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. हिस्सा कमी झाला की भाव आपोआप उतरतील, या भाबड्या आशेवर राहणेही तितकेच व्यर्थ.

म्हणूनच, हिस्सा तीस असावा की सतरा, हे सरकारने ठरवावे असा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. दर ठरवणारे सरकारी खाते दुसरा एखादा नाका उभा करील, एवढेच. दुसरे दुकान उभे राहावे, हा मार्ग अधिक सरळ दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केले. मराठीसह बारा भारतीय भाषांत ते चालते आणि विकसकाने आपली देयकपद्धती वापरल्यास हिस्सा मागत नाही. (स्वदेशी म्हणून मिरवताना फोनपेचे बहुतांश भांडवल वॉलमार्टचे आहे, हेही ध्यानात असलेले बरे.) पण हे दुकान गूगलच्या दुकानात मिळत नाही, ते स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे लागते आणि तसे करताना फोन धोक्याचे इशारे देत राहतो. सामान्य माणूस त्या इशाऱ्यापाशीच थांबतो. दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच देयकपद्धतीच्या सक्तीविरुद्ध कायदा केला. जपानचा कायदा २०२४ मध्ये झाला आणि डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्याकडे संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने, जयंत सिन्हा अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२२ मध्ये अशा कायद्याची शिफारस केली आणि मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यानंतर मसुद्यावर चर्चाच अधिक झाली. ॲपलविरुद्धची चौकशी स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२१ च्या अखेरीस सुरू केली. ती पुढे सरकत असताना कंपनीने दंड जागतिक उलाढालीवर आकारण्याच्या नियमालाच २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. स्पर्धा कायद्याची वाट अशी लांबलचक आहे.

ग्राहक कायद्याची वाट त्या मानाने जवळची. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा प्रश्न होता भेसळीचा, मापातल्या पापाचा आणि साठेबाजीने केलेल्या टंचाईचा. ग्राहकाला वस्तूची किंमत जाणून घेण्याचा हक्क आहे, ही गोष्टसुद्धा तेव्हा समजावून सांगावी लागत होती. १९८६ च्या कायद्यात आणि पुढे २०१९ च्या नव्या कायद्यात तो हक्क लेखी आला. या हक्काचा साधा अर्थ लावला तरी पुरे आहे. ॲपमधील खरेदीच्या बटणाशेजारी, हीच सेवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावर कितीला मिळते आणि या किमतीत दुकानाचा हिस्सा किती, या दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. आणि त्या लिहिणाऱ्याला दुकानातून काढता येऊ नये. ट्विटरच्या ॲपमध्ये ९०० च्या खाली ६५० आणि १३५ हे आकडे दिसले असते, तर ग्राहकाला दुकानदार आणि विक्रेता या दोघांचाही हिशेब एका दृष्टिक्षेपात कळला असता.

यासाठी नवा कायदा लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे आपल्याच अधिकारात काढली. खोटी घाई दाखवणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे असे तेरा प्रकार त्या यादीत आहेत. स्वस्त भाव सांगू न देणे हा चौदावा प्रकार म्हणून त्यात घालायला संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.